गणपतीपुळ्याला आम्ही काय पाहिले

उर्दू माध्यमाच्या शाळांच्या सहली बहुधा ठरलेल्या वाटेने जातात. मुंबईची राणीची बाग, हाजी अलीचा दर्गा, मुरूडचा जंजिरा, फार तर पन्हाळा. मुले बसमध्ये गाणी म्हणतात, दर्ग्याबाहेर टोप्या आणि बांगड्या विकत घेतात, परत आल्यावर 'हमारी सैर' या विषयावर एक पान लिहितात आणि सहलीची फाईल बंद होते. यात वाईट काही नाही. परंतु आपल्या घरापासून दोन तासांच्या अंतरावर काय आहे हे आमच्या मुलांना ठाऊक नसते, याची खंत आम्हा शिक्षकांना गेली काही वर्षे वाटत होती.

आमची शाळा शास्त्री नदीच्या खाडीकाठी, संगमेश्वर तालुक्यात आहे. मुलांचे बाप बहुतेक कुवेत, कतार, सौदीत. आजोबा गलबतावर आणि पुढे आगबोटीवर खलाशी होते. घरात मुले बोलतात ती कोकणी बोली, म्हणजे मराठीचेच एक रूप. शाळेत आम्ही शिकवतो उर्दू. बोर्डाच्या परीक्षेत मराठीचा पेपर आला की हीच मुले घाबरतात, जणू ही भाषा परक्या मुलखातून आली आहे. घरी तीच भाषा बोलणाऱ्या मुलाला ती पुस्तकात परकी का वाटावी, हा प्रश्न आम्ही स्टाफरूममध्ये अनेकदा चर्चिला. शेवटी ठरले की गेल्या डिसेंबरची सहल जवळच न्यायची. एका दिवसात गणपतीपुळे, मालगुंड आणि जयगड. सोबत तिथलाच एखादा माहीतगार माणूस घ्यायचा.

संमतिपत्रावर 'गणपतीपुळे' हे नाव वाचून पालकांत कुजबुज सुरू झाली. सभा बोलवावी लागली. "सर, पोरांना देवळात नेणार काय?" हा पहिला प्रश्न. "पोरींना कशाला एवढ्या लांब?" हा दुसरा. आम्ही सांगितले की पूजा, दर्शन, प्रसाद यांतले काही नाही. समुद्रकिनारा आहे, गाव आहे, एका मोठ्या कवीचे घर आहे, किल्ला आहे. तरी वातावरण निवळेना. तेव्हा मागच्या बाकावर बसलेले एक वयस्कर गृहस्थ उठले. तरुणपणी ते बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले. ते म्हणाले, "कुरआनात जमिनीवर फिरून बघा म्हणून कितीदा सांगितलेले आहे. तिथे काय फक्त मक्का-मदिना बघा असे लिहिलेय? आम्ही दहा मुलखांची देवळे बघितली, चर्च बघितली, आमचा इमान कुठे गेला नाय. पोरांना जाऊ दे." त्यांच्या शब्दाला गावात वजन आहे. त्या दिवशी ४० मुलांची संमतिपत्रे जमा झाली. त्यांत २३ मुली होत्या.

फजरच्या नमाजानंतर प्रासंगिक कराराची एसटी निघाली. बावनदीचा पूल ओलांडून निवळी फाट्याला उजवीकडे वळलो. जाकादेवीला चहा झाला. चाफ्याच्या पुढे उतार लागला आणि माडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसला तेव्हा सगळी बस एका बाजूला झुकली. खाडीकाठची मुले ती, पाणी त्यांना नवे नव्हे. पण खाडीला पलीकडचा काठ असतो. पलीकडचा काठ नसलेले पाणी त्यांतल्या बऱ्याच जणांनी पहिल्यांदाच पाहिले.

वाटाड्या म्हणून आम्हाला लाभले ते गावातले एक निवृत्त प्राथमिक शिक्षक. पांढरा सदरा, हातात छत्री, आवाज खणखणीत. मुलांनी त्यांना लगेच 'गुरुजी' म्हणायला सुरुवात केली. त्यांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे मुलांना पाण्यापासून लांब, सुरूच्या झाडांपाशी बसवले. इथला किनारा दिसायला देखणा, पण पायाखालची वाळू एकदम उतरते आणि परतणाऱ्या लाटेची ओढ जबर असते. पोहायला उतरलेल्या अनेक पर्यटकांचे इथे बळी गेले आहेत. धोक्याच्या पाट्या आहेत, जीवरक्षक आहेत, तरी माणसे ऐकत नाहीत. "समुद्राला पाठ दाखवायची नाही," असे गुरुजी म्हणाले. आमच्या खलाशी आजोबांच्या तोंडचीच ही शिकवण.

मग ते देवळाकडे वळले. आम्ही वाळूत होतो आणि देऊळ समोर होते, डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राकडे तोंड करून. गुरुजींनी सांगितले की देव पश्चिमाभिमुख आहे, म्हणून त्याला पश्चिमद्वार देवता म्हणतात. मूर्ती घडवलेली नाही, ती स्वयंभू मानतात. मागचा डोंगरच देवाचे रूप समजला जातो, त्यामुळे प्रदक्षिणा घालायची तर सबंध डोंगराला घालावी लागते. वर्षातले काही दिवस मावळतीचे किरण थेट गाभाऱ्यात पोहोचतात. मुले कान देऊन ऐकत होती. कुणी नमस्कार केला नाही, कुणी तोंडही फिरवले नाही. पाहुण्याच्या अदबीने ती बसली होती.

गुरुजी पुढे स्थळाची आख्यायिका सांगू लागले. "चारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. मोगलाई होती. गावचे खोत होते भिडे. त्यांच्यावर मोठे संकट आले..." खोत म्हणताच मुले खिदळली, कारण आमच्या सातवीच्या वर्गात खोत आडनावाची दोन मुले आहेत आणि दोघेही मुसलमान. पण 'मोगलाई' या शब्दावर हसणे थांबले. गुरुजींच्या आवाजात कडवटपणा नव्हता. हजार वेळा सांगितलेली गोष्ट ते एक हजार एकाव्या वेळी सांगत होते. भिड्यांनी अनुष्ठान केले, दृष्टांत झाला, संकट टळले, देऊळ उभे राहिले. गोष्ट संपली आणि मागे बसलेल्या एका मुलीने हळूच विचारले, "सर, मोगल म्हणजे आपणच ना?"

चाळीस माना आमच्याकडे वळल्या. गुरुजीही थबकले.

बी.एड.च्या अभ्यासक्रमात प्रश्नांचे प्रकार शिकवतात. हा प्रश्न त्यांतल्या कुठल्याच प्रकारात बसत नव्हता. त्या मुलीला इतिहासातली सनावळी नको होती. या गोष्टीत आपण कुठे उभे आहोत, संकट आणणाऱ्यांत की संकट सोसणाऱ्यांत, एवढेच तिला जाणून घ्यायचे होते. असा प्रश्न वर्गात आला असता तर उद्या सांगतो म्हणता आले असते. इथे उत्तर तिथल्या तिथे द्यायला हवे होते. आम्ही गुरुजींची परवानगी घेतली आणि वाळूतच बोलायला उभे राहिलो.

आधी शब्दाचा उलगडा केला. चारशे वर्षांपूर्वी या किनाऱ्यावर दिल्लीच्या मोगलांचे राज्य नव्हते. दक्षिण कोकण विजापूरच्या आदिलशाहीत होते. मोगलांनी विजापूर घेतले ते १६८६ साली. पण मराठी बोलण्यात कोणत्याही मुसलमान राजाच्या अमलाला 'मोगलाई' म्हणण्याचा प्रघात पडला. पुढे तर अंदाधुंदीलाच मोगलाई म्हणू लागले. तेव्हा शब्द ऐकला की आधी साल विचारायचे आणि मग गादीवर कोण होते ते शोधायचे.

आणि गादीवर कोण होते? १५८० पासून १६२७ पर्यंत विजापूरच्या तख्तावर होता दुसरा इब्राहिम आदिलशहा. गाण्याबजावण्याचा वेडा. त्याने 'किताब-ए-नौरस' नावाचा गीतांचा ग्रंथ दखनीत लिहिला. दखनी म्हणजे आम्ही वर्गात शिकवतो त्या उर्दूची थोरली बहीण. या ग्रंथात आरंभीच सरस्वतीचे स्तवन आहे आणि पुढे एका ठिकाणी हा बादशहा गणपतीला पित्याच्या आणि सरस्वतीला मातेच्या जागी मानतो. प्रजेने त्याला 'जगद्गुरू' म्हटले. त्याच्याही आधी पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फार्सीऐवजी इथल्या भाषेत ठेवायला लावले, असे फरिश्ता या इतिहासकाराने नोंदवले आहे. म्हणजे गुरुजींच्या गोष्टीतला काळ धरला, तर या किनाऱ्याचा धनी होता तो बादशहा आपल्या गाण्यांत गणपतीचे नाव घेत होता.

हे सांगून आम्ही थांबलो नाही, कारण अर्धेच सांगणे हीसुद्धा एक प्रकारची लबाडी. सगळे बादशहा इब्राहिमसारखे नव्हते. लढाया झाल्या, गावे लुटली गेली, देवळेही पडली. खोतावर संकट आले असेल तर ते खरेही असेल. अंमलदार जुलमी असू शकतो, तो कुठल्याही धर्माचा असो. पण बादशहा म्हणजे आपण नव्हे. आपले पूर्वज तख्तावर बसले नव्हते. त्यांतले काही अरबी व्यापाऱ्यांबरोबर या किनाऱ्यावर उतरले, बहुतेक इथल्याच मातीतले होते. ते भात लावत होते, होड्या वल्हवत होते आणि खोताला धारा भरत होते. काही जण स्वतःच खोत होते, म्हणून ते आडनाव आपल्या वर्गात बसले आहे. त्या मुलीला आम्ही म्हटले, "मोगलाई आली की तिचा कर तुझ्या पणज्यालाही भरावा लागत होता." ती हसली. खोतांची दोन्ही पोरे उगाचच ताठ बसली.

गुरुजी शांतपणे ऐकत होते. मुले उठल्यावर ते जवळ आले. म्हणाले, "सर, चाळीस वर्षे मी ही गोष्ट सांगतोय. मोगलाई हा शब्द कुणाला लागेल असे मनात आले नाही. माझ्यासमोर असे विद्यार्थी कधी बसलेच नव्हते." खिशातून डायरी काढून त्यांनी ग्रंथाचे नाव लिहून घेतले. 'नौरस'मध्ये रस म्हणजे तोच का, नवरसांतला, असेही विचारले. तोच, असे आम्ही सांगितले. त्यांना फार आनंद झाला.

तिथून 'प्राचीन कोकण' हे खुले संग्रहालय पाहिले. जुन्या कोकणी गावाचे जीवन तिथे माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभे केले आहे. आम्हाला वाटले होते की मुलांना हे नवे वाटेल. झाले उलटेच. जाते, उखळ, पाटा-वरवंटा, पावसाळ्यातले इरले पाहून मुले एकमेकांना ढोसू लागली. "सर, आमच्या दादीकडं पण ह्यो हाय!" गुरुजी बारा बलुतेदारांची नावे सांगत होते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट. आम्ही त्यात भर घातली की देशावरच्या गावगाड्यात मुलाणाही बलुतेदारांत मोजला जात असे. गुरुजींनी मान डोलावली आणि पुढच्या पुतळ्यापासून ते प्रत्येक वस्तूचे नाव आधी मुलांना विचारू लागले. बहुतेक नावे मुलांना येत होती. मराठीच्या पेपरला घाबरणारी हीच मुले.

मालगुंड तिथून जवळच. कृष्णाजी केशव दामले, म्हणजे कवी केशवसुत, १८६६ साली इथे जन्मले. त्यांचे कौलारू घर जतन केले आहे. शेजारी कोकण मराठी साहित्य परिषदेने स्मारक उभारले असून १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. केशवसुतांच्या कविता तिथे दगडांवर कोरलेल्या आहेत. मुलांना आम्ही एकेक दगड वाटून दिला आणि मोठ्याने वाचायला लावले. उर्दू शाळेतल्या पोरांचे उच्चार, 'ळ' अचूक आणि 'ज्ञ' अडखळणारा. दुपारच्या उन्हात त्या आवारात चाळीस आवाज घुमत होते. दुसऱ्या एका शाळेची मुले थांबून ऐकू लागली.

उर्दूच्या शिक्षकांना केशवसुत समजावून सांगणे अवघड नाही, कारण आमच्याकडे मौलाना अल्ताफ हुसैन हाली आहेत. पानिपतचे हाली आणि मालगुंडचे केशवसुत एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण दोघांचे काम सारखेच. उर्दू शायरी गुल-बुलबुल आणि जुल्फांत अडकली होती. हालींनी तिला समाजाचे दुखणे सांगायला लावले. मराठी कविता पुराणकथा आणि आख्यानांत रमली होती. केशवसुतांनी तिला साध्या माणसाच्या मनात आणले आणि इंग्रजी सॉनेटवरून सुनीत रुजवले. कविता कशी असावी हे सांगणारा हालींचा 'मुकद्दमा-ए-शेर-ओ-शायरी' १८९३ चा. केशवसुतांनी 'तुतारी' लिहिली तीही १८९३ मध्येच, मुंबईत. 'नवा शिपाई'मध्ये त्यांनी जातिधर्माची कुंपणे झुगारली. आणि दोघेही पेशाने मास्तर. हाली दिल्लीच्या अँग्लो-अरबिक शाळेत शिकवत. केशवसुतांनी तर आयुष्यभर तुटपुंज्या पगारावर नोकऱ्या केल्या आणि १९०५ साली हुबळीत प्लेगने त्यांचा अंत झाला. वय अवघे ३९. एका मुलाने विचारले, "सर, मास्तर लोकांचा पुतळा पण करतात?" आम्ही एकमेकांकडे पाहून हसलो.

जेवण उरकून जयगड गाठले. जोहरची नमाज अदा केली आणि किल्ल्यावर चढलो. वाटेत औष्णिक वीजकेंद्राची चिमणी आणि बंदरातली मोठी जहाजे दिसत होती. किल्ला मूळ आदिलशाहीतला, सोळाव्या शतकातला. तो पुढे संगमेश्वरच्या नाईकांकडे गेला, मग आंग्र्यांकडे आणि १८१८ साली इंग्रजांकडे. बुरूज ढासळत होता म्हणून जयबा नावाच्या तरुणाने पायात बळी जाण्याचे पत्करले आणि त्याच्या नावावरून गडाला जयगड म्हणू लागले, अशी दंतकथा आहे. मुले त्या जागेपाशी गप्प झाली.

पण आम्हाला मुलांना दाखवायचे होते ते तटावरून खाली दिसणारे दृश्य. आम्ही विचारले, "ही कोणती नदी?" कुणाला सांगता येईना. समोर तवसाळकडे जाणारी फेरीबोट चालली होती. "ही शास्त्री. आपली खाडी. शाळेच्या मागे जी वाहते तीच." काही क्षण कुणाचा विश्वास बसला नाही. मग सगळी तटाच्या कडेला धावली आणि आम्हाला ओरडून मागे घ्यावे लागले. यांचे पणजोबा याच तोंडातून गलबते बाहेर काढत. माड, कौले, भात घेऊन मुंबईला जात, पुढे मोठ्या जहाजांवर चढून एडन, बसरा, झांजिबार पाहत. आम्ही मुलांना समुद्राचे शब्द मोजायला लावले. बंदर आणि दर्या फार्सीतून आले, खलाशी आणि मोसम अरबीतून, नाखवा हा फार्सी नाखुदा. खारवी, गाबीत, भंडारी, दालदी, सगळे हेच शब्द बोलतात. समुद्रावर गेल्यावर हे शब्द कुणाचे, असे कुणी कुणाला विचारत नाही.

तिथेच इब्न बतूताची आठवण काढली. तंजा या मोरोक्कोतल्या शहराचा हा फिरस्ता. १३४० च्या दशकात तो याच पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेकडे गेला. आजच्या कर्नाटकातल्या होन्नावरला त्याने मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा पाहिल्याचे लिहून ठेवले. पुढे मायदेशी फेस शहरात त्याने आपला वृत्तांत सांगून लिहवून घेतला. तो १३५५ मध्ये पुरा झाला. आज जगभरचे पर्यटक वाटाड्या घेऊन त्या फेसच्या गल्ल्या दिवसभर हिंडतात. इब्न बतूताने होन्नावरला शाळा पाहिल्या आणि लिहून ठेवल्या, म्हणून त्या आज आपल्याला कळतात. पोरींना एवढ्या लांब कशाला, असे विचारणाऱ्या पालकांसाठी आमच्या २३ मुलींनी ते दोन्ही आकडे तिथेच वहीत टिपून घेतले.

परतीच्या वाटेवर बहुतेक मुले झोपली. आम्ही पाच शिक्षक जागे होतो आणि दिवसाचा हिशेब मांडत होतो. पाहण्यासारखे पुष्कळ होते, पण त्यातले किती पोहोचले हे सांगणाऱ्यावर अवलंबून होते. प्रत्येक स्थळाला सांगणारा असतो आणि ऐकणारे कोण बसले आहेत यावर त्याचे सांगणे ठरते. आमच्यासारखी मुले जर तिथे कधी बसलीच नाहीत, तर त्यांचा भाग गोष्टीत यायचा कसा? आम्ही मुलांना आपल्या सुरक्षित ठिकाणांपुरतेच हिंडवतो आणि मग तक्रार करतो की इतिहासात आपल्याला जागा नाही. तिथे जाऊन बसले पाहिजे, गोष्ट पुरी ऐकली पाहिजे आणि मग अदबीने आपले म्हणणे मांडले पाहिजे. त्यासाठी शिक्षकाने आधी वाचलेले हवे. रागावून उठून जाणे सोपे असते. 'किताब-ए-नौरस' ठाऊक असायला मेहनत लागते.

सहलीनंतर यावेळी आम्ही निबंध मराठीत लिहायला सांगितला. चुका भरपूर होत्या, ऱ्हस्वदीर्घाचे तर विचारायलाच नको. पण पाने कोरी नव्हती. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने तीन पाने लिहिली. त्यात खोताचे संकट होते, इब्राहिम आदिलशहा होता, केशवसुतांचे घर होते आणि शेवटी आपल्या खाडीचे तोंड पाहिल्याचे लिहिले होते. मोगल म्हणजे आपण का, हा प्रश्न मात्र तिने लिहिला नव्हता. तिच्या लेखी तो मिटला असावा.

इब्राहिम आदिलशहाविषयी दोन पाने मराठीत लिहून आम्ही गुरुजींना पोस्टाने पाठवली. महिनाभराने त्यांचा फोन आला. कोल्हापूरहून आलेल्या एका गटाला त्यांनी आख्यायिका सांगताना 'मोगलाई'ऐवजी 'आदिलशाही' म्हटले आणि त्या बादशहाच्या गाण्यांचाही उल्लेख केला. कुणीतरी पुस्तक कुठे मिळेल असे विचारले, म्हणून त्यांनी फोन केला होता.

यंदा सहलीसाठी पालकांची सभा पुन्हा बोलवली. विषय तोच, ठिकाण तेच, फक्त वर्ग पुढचा. ती सभा अर्ध्या तासात संपली आणि एका मातेने विचारले की बसमध्ये जागा असेल तर आम्ही पण येऊ काय. दुसरी एसटी मिळते का, याची आम्ही चौकशी करीत आहोत.